खारट कपाळाचं लेकरू

वर्षाराणी आठवी ते दहावी माझ्या वर्गात होती. भूमच्या शाळेत मी तेव्हा विज्ञान शिकवत होते, आजही शिकवते. ती आठ किलोमीटरवरच्या वाडीतून एसटीनं यायची, तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची. मार्क बेताचे. पण एखादी गोष्ट पटली नाही की तिचा हात वर जायचा आणि उत्तर मिळेपर्यंत खाली यायचा नाही.

परासरणाचा धडा शिकवताना मी मनुका पाण्यात टाकून दाखवल्या होत्या. दोन तासांनी, माझ्या पुढच्या तासाला, त्या टम्म फुगलेल्या होत्या. पेशीपटलातून पाणी आत जातं, म्हणून फुगल्या, असं मी सांगितलं. वर्षाराणीनं हात वर केला.

"बाई, पाणी आत जातंय, मग आतली साखर बाहेर का येत न्हाय?"

"पेशीपटल निवडक असतं. काही पदार्थांना जाऊ देतं, काहींना अडवतं."

"पण त्याला कसं कळतंय कुणाला जाऊ द्यायचं?"

तास संपत आला होता. "ते परीक्षेला येत नाही," मी म्हणाले आणि फळा पुसला. हे मी विसरूनही गेले होते. आठवण तिनंच करून दिली, पुढं बऱ्याच वर्षांनी.

बारावी झाल्यावर तिचं लग्न ठरलं, ते तिच्या आत्याच्या मुलाशी. आत्याचं नाव सिताबाई. वर्षाराणीचे वडील बब्रुवान हे सिताबाईंचे पाठचे भाऊ. बहीण लवकर विधवा झाली, दोन पोरं पदरात. बब्रुवाननं तिला आधार दिला आणि थोरला भागवत कर्ता झाल्यावर आपली थोरली लेक त्याला दिली. आमच्या भागात मामाची मुलगी करणं म्हणजे सगळ्यात बिनघोर सोयरीक. मुलगी नजरेसमोर वाढलेली, सासू म्हणजे आत्याच. सिताबाईंनी लग्नात सगळ्यांना सांगितलं होतं, "म्या सून न्हाय आणली. माझ्या भावाचं घर माझ्या घरी आणलंय."

भागवतची भूमच्या बाहेर, परंड्याच्या रस्त्याला खव्याची भट्टी होती. सकाळी आजूबाजूच्या वस्त्यांवरनं दूध यायचं, मोठ्या कढईत दुपारपर्यंत आटायचं. घर आणि भट्टी एकाच आवारात. वर्षाराणी लग्नानंतर महिन्याभरात त्या कढईपाशी उभी राहू लागली. तिला ते काम आवडायचं. दूध कधी घट्ट व्हायला लागेल हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची.

पहिली मुलगी झाली. फेब्रुवारीतली. मूल अंगानं बारीक, पण डोळे मोठे. मे महिन्यात, तीन महिन्यांची असताना, ती दोन दिवस मलूल पडली. दूध ओढेना, हात लावला तर अंग गार. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वाटेवर, रिक्षातच गेली. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात ते कुणालाही पटण्यासारखं होतं. वर्षाराणीनंही पटवून घेतलं.

दीड वर्षानं प्रेम झाला. डिसेंबरची थंडी होती, मूल गरम कपड्यात गुंडाळलेलं, सगळं ठीक वाटलं. पण ते भरेना. दूध भरपूर प्यायचं, तरी मांड्यांवरची कातडी सैल. शी तेलकट, वास इतका की धुतलेल्या लंगोटालाही राहायचा. आणि बारीक, न थांबणारा खोकला. भट्टीचा धूर आहे, म्हणून खोकतंय, असं घरात ठरलं.

मार्चच्या अखेरीला ऊन वाढलं. भट्टीच्या बाजूच्या खोलीत, दाराशी झोळी बांधलेली असायची. एका दुपारी तिनं त्याला झोळीतून उचललं आणि कपाळाचा मुका घेतला. ओठांना मीठ लागलं. घामाचा असतो तसा खारटपणा नाही. भाजीत मूठभर मीठ जास्त पडावं तसं. तिनं उजेडात नेऊन बघितलं तर केसांच्या कडेला घाम वाळून पांढरी रेघ उठलेली होती.

"आत्या, हिकडं या की. ह्याच्या कपाळाला जीभ लावून बघा."

सिताबाई आल्या. त्यांनी जीभ लावली नाही. लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, "भट्टीपाशी निजतंय, घाम येणार न्हाय तर काय. आतल्या खोलीत बांध झोळी."

झोळी आत गेली. खारटपणा तसाच राहिला.

मे उजाडला आणि प्रेमही मलूल झाला. तसाच, जशी मुलगी झाली होती. वर्षाराणी या वेळी दोन दिवस थांबली नाही. भागवतच्या मोटारसायकलवर बसून दवाखाना गाठला. सलाईन लावलं, दोन दिवसांत पोरगं हसायला लागलं. घरी आणलं, आठवड्यात पुन्हा तेच. पुन्हा सलाईन, पुन्हा घरी. तिथल्या डॉक्टरांना तिनं सांगितलं, "साहेब, ह्याचा घाम लई खारट हाय." ते हसले. "घाम खारटच असतो बाई. गोड असता तर सांगायला यायचं."

तिसऱ्यांदा ती त्या दवाखान्यात गेलीच नाही. सोलापूरला गेली. तिथं लहान मुलांच्या वॉर्डात डॉक्टर शबनम होत्या, नळदुर्गच्या, तेव्हा नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन त्या खाटेपाशी उभ्या राहिल्या.

"उलट्या झाल्या?"

"न्हाय."

"जुलाब?"

"न्हाय. शी घाण हुती, पण पातळ न्हाय."

"मग ह्याच्या रक्तातलं मीठ गेलं कुठं?" हे त्या स्वतःलाच विचारत होत्या.

वर्षाराणीला पहिल्यांदा कुणीतरी तिचाच प्रश्न विचारला होता. ती म्हणाली, "म्याडम, हसू नका. ते कपाळातनं जातंय. मुका घेतला की मीठ लागतंय मला."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्या खाली वाकल्या आणि मुलाच्या कपाळाला स्वतःचे ओठ लावले. मग सरळ उभ्या राहून त्यांनी विचारलं, "ह्याच्या आधी मूल गेलंय का तुमचं?"

वर्षाराणी मला सांगत होती, की मुलीबद्दल सांगता सांगता तिला कुठंतरी बरंही वाटलं. कुणीतरी विश्वास ठेवला होता.

पुण्याला घामाची तपासणी झाली. प्रेमच्या हाताला औषधाची पट्टी बांधून बारीकसा विजेचा झटका दिला, अर्धा तास घाम गोळा केला, त्यातलं मीठ मोजलं. साठच्या वर असलं तर आजार. प्रेमचं एकशे चार आलं. आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. रक्त पुढं तपासायला गेलं, त्यातही तेच आलं.

भागवतला आणि तिला समोर बसवून डॉक्टर शबनमनी सगळं सांगितलं. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं, प्रत्येक पेशीभोवती पातळ पापुद्रा असतो. त्या पापुद्र्यातून मीठ आपल्या मनानं ये-जा करू शकत नाही, त्याला दार लागतं. प्रेमच्या पेशींमध्ये ते दार नीट बनलेलंच नाही. हे दार बनवायची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. दोन्ही खराब आल्या तर आजार. एक चांगली, एक खराब असली तर माणसाला आयुष्यभर काही कळतही नाही.

"म्हणजे आमच्या दोघांत पण हाय?" भागवतनं विचारलं.

"एकेक खराब प्रत आहे. तुम्ही मामे-आते भावंडं आहात ना? एकाच आजी-आजोबांकडून ती दोघांकडं आली असणार. आधीचं मूलही बहुतेक ह्यानंच गेलं."

भागवत शांत माणूस. तो उठला, बाहेरच्या नळावर तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "आता काय काय करायचं ते सांगा."

करायचं पुष्कळ होतं. रोज वरून मीठ द्यायचं, उन्हाळ्यात दुप्पट. जेवण पचावं म्हणून प्रत्येक वेळी खाण्याआधी गोळीतली पूड. सकाळ-संध्याकाळ मूल मांडीवर पालथं घालून, हाताची ओंजळ करून पाठीवर थापट्या मारायच्या, म्हणजे छातीतला कफ सुटतो. पुढं मोठा झाल्यावर खारट पाण्याची वाफ. आणि भट्टी घरापासून लांब. भागवतनं पुढच्याच महिन्यात रस्त्यापलीकडं पत्र्याची शेड घातली आणि कढई तिकडं हलवली. वर्षाराणी पुन्हा कधी कढईपाशी उभी राहिली नाही.

त्याच पावसाळ्यात ती माझ्याकडं आली. शाळेच्या प्रयोगशाळेत, मधल्या सुट्टीत. लग्नानंतर मी तिला पहिल्यांदाच बघत होते. खुर्चीवर टेकतानाच म्हणाली, "बाई, मनुकांच्या वेळी तुम्ही म्हणला हुता, परीक्षेला येत न्हाय. आता सांगा."

मला लाज वाटली. त्या दिवशी मी तिला जमेल तसं सांगितलं, काही पुस्तक उघडून बघून सांगितलं. पेशीचा पापुद्रा तेलकट असतो. पाणी थोडंफार त्यातून निसटून जातं, प्राणवायू सहज जातो, पण मीठ अडतं. त्याच्यासाठी पापुद्र्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात, प्रत्येक पदार्थाचं वेगळं. ती चुकीची घडली तर त्या पदार्थाला वाट नाही.

"पण मग बाई, दार बंद हाय तर मीठ आत राहायला पायजे. ह्याचं बाहेर कसं पडतंय?"

तिचा हात अजूनही वर होता. मी समजावलं. घाम आधी ग्रंथीच्या तळाशी तयार होतो, तेव्हा तो खारटच असतो, सगळ्यांचा. वर कातडीकडं येता येता वाटेतल्या पेशी त्यातलं मीठ परत आत ओढून घेतात. ते ओढून घ्यायचं दारच प्रेमला नाही. म्हणून मीठ घामाबरोबर निघून जातं. फुफ्फुसात उलटं. तिथं हेच दार मीठ बाहेर सोडतं आणि मिठामागं पाणी जातं, त्यानं कफ ओला राहतो. दार नाही, म्हणून पाणी नाही, म्हणून कफ चिकट.

"आटलेल्या दुधासारखा," ती म्हणाली.

"हो."

"मग त्या खारट वाफेनं काय हुतंय?"

"वरून मीठ गेलं की त्याच्या ओढीनं पेशीतलं पाणी बाहेर येतं. कफ पातळ होतो."

ती उठली. "बरं झालं सांगितलं. आता थापट्या मारताना कळंल तरी, कशासाठी मारतेय."

प्रेम तीन वर्षांचा झाला. बारीक, पण चालता-बोलता. त्याच हिवाळ्यात, २०२० च्या जानेवारीत, दोन्ही घरांत नवी बोलणी सुरू झाली. सिताबाईंचा धाकटा अमरसिंह आणि वर्षाराणीची धाकटी बहीण शिवकन्या. खरं तर ही बोलणी नवी नव्हती. बब्रुवाननं बहिणीला कधीच शब्द दिला होता, दोन्ही पोरी तुझ्याच घरी देईन. आणि शिवकन्येचं मन लहानपणापासून अमरसिंहावर होतं, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. सुट्टीत आत्याकडं आली की ती त्याचे शर्ट इस्त्री करायची आणि त्यावरून सगळे तिला चिडवायचे.

वर्षाराणीनं आधी भागवतशी बोलून बघितलं. तो म्हणाला, "तुझं खरं हाय. पण मी आईला सांगू शकत न्हाय. तिला वाटंल, मी तिलाच दोष देतोय, हे लग्न लावून तिनंच माझ्या पोरांचा घात केला म्हणून."

तेव्हा तिनं डॉक्टर शबनमना फोन केला. दोघांची रक्ततपासणी करता येईल, असं त्यांनी सांगितलं. प्रेमचा दोष नेमका कोणता ते माहीत होतं, त्यामुळं तेवढाच शोधायचा. दोघांत असला तर धोका. एकातच असला किंवा कुणातच नसला तर खुशाल लग्न करा.

सुपारीच्या दिवशी दुपारी सिताबाईंच्या घरी जेवणं झाली. बब्रुवान, सिताबाई, गावातले दोन भावकीतले म्हातारे ओसरीत बसले होते. शिवकन्या आत साडीची निरी सारखी करत होती. वर्षाराणी प्रेमला कडेवर घेऊन ओसरीत आली. एवढ्या माणसांत बोलायची तिला सवय नव्हती.

"आण्णा, एक सांगायचंय. सुपारी आज नको. आधी दोघांचं रक्त तपासू. पंधरा-वीस दिवसांत रिपोर्ट येतोय, मग फोडा सुपारी."

"कशाचं रक्त?" बब्रुवान म्हणाले.

"प्रेमला जे हाय ते. शिवकन्येत पण असू शकतंय, अमरभावजींत पण. दोघांत निघालं तर त्यांच्या लेकरांना—"

"गप बस." बब्रुवानचा आवाज चढला. "माझ्या घराण्याच्या रक्तात खोट हाय, असं म्हणतीस? भरल्या ओसरीत? माझ्या धाकट्या पोरीला उद्या कोण करंल?"

"खोट न्हाय आण्णा. एक दार—"

"दार-बिर मला सांगू नको. तू शिकलीस ती माझ्याच जिवावर." ते उठले. भावकीतल्या म्हाताऱ्यांकडं बघत म्हणाले, "ज्या घरात माझ्या पोरीलाच माझ्या रक्ताची शंका, तिथं मी दुसरी पोरगी देत न्हाय. शब्द मोडला असं म्हणा हवं तर."

हे कुणालाच अपेक्षित नव्हतं, वर्षाराणीला तर मुळीच नाही. तिला फक्त वीस दिवस हवे होते. तिनं सिताबाईंकडं बघितलं. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर भाऊ थांबला असता. पण सिताबाई खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

शिवकन्या दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. जाता जाता बहिणीजवळ थांबून ती हळूच म्हणाली, "तुझं लेकरू आजारी हाय म्हणून माझं मोडलंस ना?"

त्या दिवशी संध्याकाळी सिताबाई न जेवता बसल्या. वर्षाराणी प्रेमच्या पाठीवर थापट्या मारत होती. सिताबाई जवळ येऊन बसल्या आणि बोलू लागल्या.

"माझ्या आईची तीन लेकरं गेली. बब्रुवानच्या मागची. सगळी उन्हाळ्यातच. मी आठ-नऊ वर्सांची हुते, कडेवर घेऊन फिरवायची त्यांना. आई म्हणायची, माझी लेकरं खारी हायत, देवाला खारी लागत न्हाईत म्हणून परत नेतोय. तू मला त्या दिवशी हाक मारलीस तवा मला आईचंच बोलणं ऐकू आलं. म्हणून जीभ न्हाय लावली म्या."

वर्षाराणीचा हात थांबला.

"तुम्हाला ठावं हुतं, आत्या?"

"ठावं न्हवतं गं. भ्या वाटलं. बोलले तर खरं हुईल असं वाटलं."

"आज तरी बोलायचं हुतं."

वर्षाराणीनं त्यांना दोष दिला नाही, पण मला सांगताना ती म्हणाली, की त्यानंतर कितीतरी दिवस आत्यांनी वाढलेलं तिच्या घशाखाली उतरायचं नाही.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. पुढची दोन वर्षं वर्षाराणीनं प्रेमला अंगणाबाहेर जाऊ दिलं नाही. साध्या सर्दीनंही त्याची छाती भरायची. पचनाच्या गोळ्या मिळेनात, तेव्हा भागवत पास काढून मोटारसायकलवर सोलापूरला गेला आणि डॉक्टर शबनमच्या हातून दोन महिन्यांच्या घेऊन आला. माहेरचं कुणी फोन करत नव्हतं. आईचा यायचा, कधीतरी, शेतातून, दोन मिनिटांचा.

शिवकन्येचं लग्न २०२१ च्या डिसेंबरात कळंबच्या एका घरात झालं. धान्याचं दुकान, माणसं चांगली, नात्यातली नव्हेत. वर्षाराणीला पत्रिका आली, आमंत्रण द्यायला कुणी आलं नाही. ती गेली. अक्षता टाकून, मागच्या रांगेत जेवून परत आली. अमरसिंह आला नाही. तो तोवर पुण्याजवळ एका कारखान्यात लागला होता. त्यानं अजून लग्न केलेलं नाही आणि तपासणीही करून घेतलेली नाही. विषय काढला तर म्हणतो, "आता कशाला?"

आणि मग २०२३ च्या श्रावणात एका शनिवारी वर्षाराणी पुन्हा माझ्याकडं आली. शाळा सुटली होती, मी कपाटाला कुलूप लावत होते. तिनं फोन पुढं केला. शिवकन्येनं व्हॉट्सॲपवर एक कागद पाठवला होता. दिवस गेल्यावर तिनं आपणहून सोलापूरला जाऊन रक्त तपासून घेतलं होतं. प्रेमच्या घराण्यातला तो दोष शिवकन्येत सापडला नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. दोन्ही प्रती चांगल्या. खाली एकच ओळ तिनं लिहिली होती.

"ताई, माझ्यात काहीच नव्हतं."

मी तो कागद दोनदा वाचला. शिवकन्येत दोष नव्हता, म्हणजे अमरसिंहात असता किंवा नसता, त्यांच्या लेकरांना हा आजार झाला नसता. ते लग्न होऊ शकलं असतं.

"बाई, मी चुकले का?"

"तू तपासायला सांगितलं होतंस. लग्न मोडायला नाही."

"पण मोडलं."

"ते तुझ्या वडलांनी मोडलं."

"व्हय. पण मी तोंड उघडलं म्हणून." ती खिडकीबाहेर बघत होती. "आणि मी तोंड उघडलं नसतं, आणि निघालं असतं तिच्यात, तर? तिचं लेकरू माझ्या मुलीसारखं रिक्षात—" तिनं वाक्य पुरं केलं नाही. "आई-बापातला दोष लेकरात यायचा का न्हाय, हे कोण ठरवतंय, बाई?"

"कुणी ठरवत नाही. दोन प्रतींतली कुठलीही एक जाते. तुझ्या वाट्याला खराब आली, तिच्या वाट्याला चांगली."

"एवढंच?"

"एवढंच."

ती हसली, पण ते हसू मला बघवलं नाही. उत्तर काय पाठवू, असं तिनं मला विचारलं. मी सुचवलेली दोन-तीन वाक्यं तिनं ऐकून घेतली. शेवटी तिनं लिहिलं, "बरं झालं शिवा. बाळाला जप." दोन निळ्या खुणा आल्या. उलट काही आलं नाही.

प्रेम आता तिसरीत आहे, आमच्याच शाळेच्या आवारातल्या प्राथमिक वर्गात. गेल्या वर्षी त्याच्या खोकल्यावरून काही पालकांनी तक्रार केली, की पोराला टीबी आहे, वर्गात बसवू नका. वर्षाराणी डॉक्टरांचं पत्र घेऊन आली आणि पालकसभेत उभी राहून तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं, की हा आजार कुणाला लागत नाही. उलट तुमच्या पोरांची सर्दी माझ्या पोराला महागात पडते. दोन आया नंतर येऊन बोलल्या. एका पालकानं मुलाची जागा बदलून घेतली ती घेतलीच.

या जानेवारीत प्रेमला निमोनिया झाला. सोलापूरला सोळा दिवस. छातीत एका चिवट जंतूनं घर केलंय, तो आता पुरता जाणार नाही, फक्त दाबून ठेवायचा, असं डॉक्टर शबनमनी सांगितलं. ते बिघडलेलं दार दुरुस्त करणारी औषधं परदेशात निघाली आहेत. प्रेमच्या दोषावर त्यातलं एक चालेलही कदाचित, पण इथं ते हाती येईल तेव्हा खरं. वर्षाराणी दर भेटीत त्याबद्दल विचारते. डॉक्टर दर भेटीत म्हणतात, अजून नाही.

नवव्या दिवशी शिवकन्या आली. कळंबहून एसटीनं, एकटी, पोरीला सासूकडं ठेवून. दोघी बहिणी पाच वर्षांत एका खोलीत बसल्या नव्हत्या. तिनं पिशवीतून धपाटे काढले, दही काढलं. प्रेम तिला ओळखत नव्हता. "मावशी हाय," वर्षाराणीनं सांगितलं. त्यानं ऑक्सिजनच्या नळीसकट मान हलवली.

दुपारभर त्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलल्या, शिवकन्येच्या पोरीच्या दातांबद्दल बोलल्या. आण्णांचा विषय निघाला तेव्हा शिवकन्या म्हणाली, "ते येणार न्हाईत. पण रोज विचारतात मला, पोराचं कसंय म्हणून." रिपोर्टचा शब्द कुणी काढला नाही.

निघताना तिनं चप्पल घातली, पिशवी खांद्याला लावली आणि दारात थांबून विचारलं, "अमर कसाय?"

"बरा हाय. सुट्टी कमी मिळतीय म्हणतोय."

"लग्न?"

"न्हाय अजून."

शिवकन्येनं मान हलवली. चारची गाडी होती. वर्षाराणी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेली. वॉर्डातून प्रेमच्या खोकण्याचा आवाज आला, आणि वर्षाराणी मागं वळली.